क्लचवर वहिनींचा पाय

भिंगारमध्ये माझी पत्र्याची शेड आहे. तिच्यावर पाटी लावायची ठरली तेव्हा रंगाऱ्याला मी मजकूर सांगितला होता, 'अधू पाय असलेल्यांसाठी हाताने चालवायच्या गाड्या करून मिळतील.' पत्रा आखूड पडला म्हणून त्याने स्वतःच्या अकलेने तो आटोपता घेतला आणि 'अधू पाय करून मिळतील' एवढंच रंगवून ठेवलं. मी घरी जेवायला गेलो होतो. परत येईपर्यंत रंग वाळला होता. पाटी मी लगेच पुसून घेतली, पण तेवढ्या वेळात ती वाचून गेलेली माणसं अजून बाजारात भेटली की आठवण काढतात.

निवृत्त होईपर्यंत मी इथल्याच लष्करी वर्कशॉपमध्ये मुलकी फिटर होतो. ट्रक आणि जिपा उघडायच्या आणि जोडायच्या, यातच नोकरी गेली. हे दुसरं काम लागलं ते शेजारच्या मास्तरांमुळे. त्यांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. मुलाने एक जुनी मोटार घेतली, तर मास्तर रोज संध्याकाळी तिच्यात ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसायचे. मी एकदा विचारलं, "मास्तर, आत बसून काय करता?" म्हणाले, "बसतो. बसायला पाय लागत नाही." ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. बरीच खटपट करून मी त्यांच्या गाडीच्या क्लचला हाताचा दांडा बसवला. मास्तर स्वतः गाडी चालवत शाळेत गेले, आणि शाळेतून ही बातमी घरोघर गेली.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या गिअरच्या गाडीत तीन पायडलं असतात. उजवा पाय वेग आणि ब्रेक सांभाळतो. डाव्याला एकच काम, क्लच. इंजिन सतत फिरत असतं, चाकं मात्र कधी फिरतात, कधी थांबतात. क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो, सोडला की जुळतो. गिअर बदलताना तो तोडायचा आणि नंतर हळूच जुळवायचा. सगळी गोम त्या 'हळूच'मध्ये आहे. पटकन सोडला तर गाडी उडी मारून बंद पडते. फार रेंगाळत सोडला तर आतली प्लेट जळते आणि वास सुटतो. हे सगळं पाय आपल्या नकळत करत असतो. पाय गेला की मग कळतं तो काय काय करत होता. ते काम आता हाताला द्यायचं, आणि हाताकडे तर आधीच स्टिअरिंग आणि गिअर आहेत. आमची सगळी अडचण ती. हल्ली क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाड्या मिळतात. ज्यांना तशी घेणं शक्य आहे त्यांना मी सरळ तीच घ्यायला सांगतो. माझ्याकडे राहतात ते, दारात उभी आहे तीच गाडी चालवायची आहे असे लोक.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. नगरातले पूजा सांगणारे एक गुरुजी आले. साखरेच्या आजाराने त्यांचा उजवा पाय काढलेला. त्यांना ब्रेक आणि वेग दोन्ही हातावर हवे होते. मी स्टिअरिंगशेजारी एक दांडा बसवून दिला. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. पहिल्याच दिवशी गुरुजींचा गोंधळ उडाला आणि माझ्या शेडचं दार वाकलं. मी घाबरलो होतो, ते शांत होते. म्हणाले, "अजून पाठ झालेलं नाही. पाठ झालं की चुकणार नाही." मग बरेच दिवस ते इंजिन बंद ठेवून गाडीत बसायचे आणि 'ढकल थांब, ओढ चल' हे शब्द मंत्र म्हणावेत तशा चढ-उतारात म्हणत दांडा हलवायचे. रस्त्याने जाणारे लोक थांबून ऐकत. त्यानंतर त्यांच्या हातून चूक झालेली मी ऐकली नाही. वास्तुशांतीला अजून स्वतः गाडी घेऊन जातात.

सगळीच कामं अशी फळाला आली नाहीत. एक किराणा दुकानदार होते. त्यांची गाडी मी जीव लावून केली, त्यांनीही माझ्या शेजारी बसून मन लावून सराव केला. पुढे मी त्यांच्या गावाकडे गेलो तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून त्यांच्याकडे डोकावलो. गाडी त्यांचा मेहुणा चालवत होता. घरच्यांनी किल्ली त्यांच्या हातात कधी दिलीच नव्हती. मी बसवलेल्या दांड्याला भाजीची पिशवी अडकवलेली होती. गल्ल्यावर बसलेले दुकानदार माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात सगळ्यांना भीती वाटते." त्या दिवसापासून मी गाडी बघण्याआधी घरच्या माणसांना भेटायला लागलो. ती तयार नसतील तर पान्ह्याला हात लावत नाही.

नामदेवराव आणि शकुंतलावहिनी आले तेव्हा मात्र घरच्यांना वेगळं भेटायची गरज पडली नाही. घरचं माणूस गाडीतच बसलेलं होतं आणि त्याचा पाय क्लचवर होता.

दुपारची वेळ होती. एक जुनी डिझेल पिकअप शेडसमोर वळली. मागे रोपांचे ट्रे रचलेले, वर हिरवी जाळी. गाडी छान वळली, छान थांबली. उतरताना बघतो तर ड्रायव्हरच्या बाजूने आधी कुबडी बाहेर आली, मग माणूस. वय पन्नाशीचं, डावा पाय मांडीपासून नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ही गाडी त्यांनी आणली कशी?

"ही हाय की," ते मागे मान वळवून म्हणाले.

मधल्या जागेवर त्यांची बायको बसली होती. हिरवी साडी घोट्याच्या वर खोचलेली, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. आपल्याकडच्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि क्लचचं पायडल सगळ्यात डावीकडे असतं. त्यामुळे मध्ये बसलेल्या माणसाला, गिअरच्या दांड्याला वळसा घालून, उजवा पाय त्या पायडलापर्यंत नेता येतो. हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. या दोघांनी ते करून दाखवलं होतं. ते म्हणायचे 'दाब', ही दाबायची. ते गिअर टाकायचे आणि म्हणायचे 'सोड', ही सोडायची. असे ते बेलापूरहून राहुरीवरून, नगरच्या गर्दीतून माझ्या दारापर्यंत आले होते.

मी चांगलाच रागावलो. "अहो, हे काय चालवलंय तुम्ही? कोणाच्या अंगावर गेली असती म्हणजे? पोलिसाने धरलं असतं म्हणजे?"

"म्हनून तर तुमच्याकडं आलो," ते म्हणाले. "आता हे बंद करायचं. मला एकट्याला चालवता आली पायजे."

बेलापूरजवळ त्यांची रोपवाटिका. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू यांची रोपं तयार करायची आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना, आठवडे बाजारांना पोचवायची. वाटिका वहिनी बघायच्या आणि गाडी नामदेवराव. एक दिवस मोटरसायकलवर असताना उसाची ट्रॉली त्यांच्या अंगावर उलटली. पाय गेला. डाव्या हाताची बोटं डॉक्टरांनी वाचवली, पण ती ताठ राहिली. अंगठा तेवढा पहिल्यासारखा. त्यानंतर ड्रायव्हर ठेवून पाहिले. एक मनाला येईल तेव्हा यायचा. दुसऱ्याने ट्रेवर ट्रे रचून कोवळी रोपं मोडली.

"रोप थांबत न्हाई, मिस्त्री," नामदेवराव म्हणाले. "समोरच्याचं रान तयार झालं की त्याच दिवशी गेलं पायजे. लांबलं की ते फेकायचं. एका सकाळी झेंडू भरून तयार आन् ड्रायव्हरचा फोन बंद. मी चिडून गाडीत जाऊन बसलो. बसलो आन् कळलं की बसून काय उपेग न्हाई. तवा ही आली आन् मधी बसली. म्हनली, काय दाबायचं ते सांगा."

वहिनी खाली उतरल्या नव्हत्या. तिथूनच म्हणाल्या, "आधी लई उड्या मारल्या गाडीनं. निम्मा झेंडू अंगनातच सांडला."

मी त्यांना निक्षून सांगितलं, आजपासून ही दोघांची गाडी बंद. गाडी इथे ठेवा, बसने घरी जा. त्यावर नामदेवराव म्हणाले की येताना राहुरीचा शेतकरी भेटला नाही, मागची मिरची आज परतताना तिथे उतरवायचीच आहे. त्यांच्या आवाजात विनंती नव्हती, वादही नव्हता. रान तयार आहे म्हणजे आहे. शेवटी मीच शेडला कुलूप लावलं आणि गाडी चालवायला बसलो.

मी आयुष्यात हजारो गाड्या चालवून पाहिल्या असतील, पण असा प्रवास पुन्हा केला नाही. मी क्लचवर पाय ठेवला तर खाली आधीच एक पाय होता. वहिनींना सवय लागलेली. इंजिनचा आवाज चढला की त्यांचा पाय आपोआप पायडलावर जायचा. त्या लाजून पाय मागे घ्यायच्या, आणि पुढच्या गिअरला पुन्हा तेच. नामदेवराव कडेला बसून खिडकीबाहेर बघत होते, मला वाटतं हसू लपवायला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वहिनींचा पाय कधी चुकीच्या वेळी आला नाही. एकही गिअर असा गेला नाही की मी बदलायला निघालो आणि त्या आधी तयार नव्हत्या. मला कोणी 'दाब' म्हणत नव्हतं, त्यांनाही नाही.

राहुरीला मिरची उतरवली. शेतकऱ्याने रोपांबद्दल विचारलं ते वहिनींना. पाणी कधी सोडायचं, मुळावर काय टाकायचं, हे सगळं त्याच सांगत होत्या. मग मी त्या दोघांना घरी सोडलं आणि गाडी भिंगारला आणली.

गाडीत असा बदल मनाने करून चालत नाही. आरटीओची मंजुरी घ्यावी लागते आणि चालवणाऱ्याला त्या बदललेल्या गाडीवर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ते मी त्यांना समजावलं आणि कामाला लागलो. सोपा उपाय आधी पाहिला. गिअरच्या दांड्यावर मोटरसायकलच्या क्लचसारखी मूठ बसवायची, की डावा हात गिअरवर असतानाच बोटांनी क्लच ओढायचा. मास्तरांना असंच काहीसं केलं होतं. पण डिझेल गाडीचा क्लच जड. नामदेवरावांनी मूठ धरली, ओढायचा प्रयत्न केला. ताठ बोटं वळली नाहीत. त्यांनी पुन्हा जोर लावला, कपाळावर घाम आला, मूठ जागची हलली नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि बोटांकडे बघत राहिले.

"याच्यानं न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "दुसरं काय?"

दुसरं म्हणजे इंजिनकडूनच काम करून घ्यायचं. डिझेल गाडीत ब्रेकला मदत म्हणून हवा शोषणारा एक पंप असतो. तोंडाने नळीतून ताक ओढावं तसा तो हवा ओढतो. ही ओढ एका रबरी पडद्याच्या डब्याला जोडली की पडदा आत जातो आणि त्याला बांधलेली तार क्लचचं पायडल खाली खेचते. माणसाला जोर लावावा लागत नाही. गिअरच्या मुठीवर अंगठ्याजवळ एक बटन. दाबलं की पायडल खाली, सोडलं की वर. नामदेवरावांचा अंगठा शाबूत होता. मला वाटलं, जिंकलं. इंजिन बंद पडलं तरी क्लच हाताशी राहावा म्हणून ओढ साठवायची एक टाकीही मी सीटखाली बसवली.

शेडसमोरच्या सपाट रस्त्यावर गाडी छान चालली. मग आम्ही तिला चांदबीबीच्या महालाच्या चढावर नेलं. नामदेवराव चालवायला, मी शेजारी. आमच्यामागून रिक्षाने वहिनी आल्या होत्या. त्यांनी रस्त्याकडेचा एक मोठा दगड उचलला आणि गाडीच्या मागे उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "वहिनी, मागे उभ्या राहू नका. बाजूला व्हा." त्या बाजूला झाल्या, पण दगड काही सोडला नाही.

चढावर थांबलेली गाडी पुढे काढणं, यात क्लचची खरी परीक्षा असते. नामदेवरावांनी बटन सोडलं. गाडीने हिसका दिला, बंद पडली आणि मागे घसरली. मी हँडब्रेक ओढला. वहिनींनी पळत येऊन चाकामागे दगड टाकला. पुन्हा केलं, तेच. मी हवा आत सोडणारा स्क्रू आवळला, म्हणजे क्लच हळू सुटेल. आता हिसका नाही, पण प्लेटचा जळका वास सुटला आणि गाडी तरीही घसरली. स्क्रू सैल केला की हिसका, आवळला की वास. पुन्हा पुन्हा करून मी दमलो. नामदेवराव एकदाही 'राहू द्या' म्हणाले नाहीत. प्रत्येक वेळी गाडी थांबली की चेहरा न बदलता म्हणायचे, "परत."

शेवटी मीच म्हटलं, आता बस. ते स्टिअरिंगवर हात ठेवून विचार करत बसले होते. म्हणाले, "बटनाला अक्कल न्हाई, मिस्त्री. चढ हाय का सपाट हाय, मागं माल हाय का रिकामी हाय, त्याला काय कळतं? तिच्या पायाला कळायचं."

ते बोलले आणि मला कुठे बघायचं ते समजलं. मी वहिनींना मधल्या जागेवर बसायला सांगितलं. स्क्रू मोकळा करून डबा बंद ठेवला. दार उघडून मी खाली रस्त्यावर मांडी घातली आणि त्यांच्या पायाकडे बघत राहिलो. नामदेवरावांनी 'सोड' म्हटलं. तिसऱ्या वेळेला मला ते दिसलं. त्यांचा पाय एका गतीने वर येत नव्हता. आधी भरकन यायचा, मध्ये थांबायचा आणि मग उरलेला सुटायचा.

"वहिनी, तिथे थांबता का तुम्ही?"

"थांबावंच लागतं. गाडी जरा थरथरती. तोंड उचलल्यागत करती. तवा थांबायचं. यांनी रेस दिली की मग सोडायचं. चढ असला की जास्त थांबायचं."

"हे शिकवलं कोणी?"

"कुनी न्हाई. चुकलं की हे वरडायचे."

नामदेवराव म्हणाले, "लई वरडलो."

बटन काढून टाकलं. त्याच्या जागी मी सायकलच्या ब्रेकची बारीक तार वापरून अंगठ्याची एक छोटी पट्टी बसवली. ती जितकी दाबू तितका क्लच खाली, जिथे थांबवू तिथे क्लच थांबणार. म्हणजे आता जोर इंजिनचा, पण शहाणपण अंगठ्याचं. नामदेवराव त्यांच्या पाहुण्यांकडे नगरात मुक्कामालाच राहिले आणि रोज सराव करू लागले. वहिनी शेजारी बसून सांगायच्या, "आता थांबा. थरथरली का? आता रेस द्या." पूर्वी ते हुकूम द्यायचे आणि त्या पाळायच्या, आता उलट झालं होतं. महालाचा चढ गाडी एकदाची न घसरता चढली तेव्हा वहिनींनी हातातला दगड रस्त्याच्या कडेला नीट ठेवून दिला.

काम संपत आलं होतं. मी म्हटलं, "आता क्लचचं पायडल वरून कापून टाकतो. तार खालच्या आडव्या दांडीला बांधलीय, पायडलाची गरज नाही. चुकून कोणाचा पाय पडायला नको."

"पायडल राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"कशाला? आता तुम्हाला दाबायचं नाही."

"मी चालवीन की."

नामदेवराव हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या हसत नाहीत. "तू कशाला आता? माझं मी चालवतो. तेवढ्यासाठी तर एवढं केलं."

"तुमचं तुमी चालवा. मी न्हाई कुठं म्हनतीय?" त्या पायडलाकडे बघत बोलत होत्या. "पाय गेला तवा मला वाटलं, सगळंच गेलं. पर त्या मधल्या जागेवर बसून मी मानसं बघितली, बाजार बघितले. आपलं रोप कुनाच्या रानात कसं आलं ते डोळ्यानं बघितलं. आधी तुमी घरी येऊन सांगायचे तेवढंच मला माहीत. आता तुमाला अंगठ्यानं जमायला लागलं म्हनून मी परत रोपांच्या जाळीत जाऊन बसू व्हय? अर्धी गाडी मला येतीच. उरलेली अर्धी शिकते."

कुबडी घेऊन नामदेवराव बाहेर गेले आणि शेडच्या सावलीत उभे राहिले. मी उगाच पान्हे पुसत बसलो. नवरा-बायकोच्या बोलण्यात मध्ये पडायचं नाही, एवढं मला कळतं. पण त्या दुकानदाराच्या दांड्याला अडकवलेली पिशवी मला आठवत होती. किल्ली कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न इथेही होताच, फक्त माणूस वेगळं होतं.

थोड्या वेळाने ते आत आले. "मिस्त्री, पायडल तोडू नका," म्हणाले. "पर दोन्ही चालंल का? मी असलो की अंगठा, ती असली की पाय?"

मी म्हटलं, चालेल. ओढीच्या नळीवर एक तोटी बसवली. एकीकडे फिरवली की पट्टी चालू, दुसरीकडे फिरवली की गाडी जशी कंपनीतून आली होती तशी. वहिनींनी तोटी दोन्हीकडे फिरवून पाहिली, पायडल दाबून पाहिलं आणि मान हलवली.

परीक्षेच्या दिवशी मीही गेलो होतो. निरीक्षक साहेब कमी बोलणारे होते. त्यांनी वाकून सगळी जोडणी पाहिली, टाकी कशासाठी, तोटी कशासाठी ते विचारलं आणि वहिनींना म्हणाले, "तुम्ही खाली उतरा." शेजारी ते स्वतः बसले. वहिनी उतरल्या. शकुंतलावहिनी शेजारी नाहीत, मागूनही येत नाहीत आणि नामदेवराव गाडी चालवतायत, असं त्या अपघातानंतर पहिल्यांदाच होत होतं. गाडी सुरू झाली. काच खाली होती, म्हणून आम्हाला ऐकू आलं. नामदेवराव मोठ्याने म्हणाले, "दाब."

साहेबांनी विचारलं, "काय?"

"काही न्हाई, साहेब," ते म्हणाले, आणि अंगठा दाबला.

गाडी फिरून परत येईपर्यंत वहिनी उभ्याच राहिल्या. त्यांचा उजवा पाय मातीत एकाच जागी दाबला जात होता. नंतर कळलं, चढावर साहेबांनी गाडी दोनदा थांबवायला लावली. इंजिन एकदा बंद पडलं, पण टाकीतल्या ओढीने क्लच दाबलेला राहिला आणि नामदेवरावांनी ते शांतपणे पुन्हा सुरू केलं. परत आल्यावर साहेब उतरले, माझ्याकडे बघून म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून तेवढंच निघालं आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

नामदेवरावांनी त्या दिवशी गाडी एकट्याने बेलापूरला नेली. वहिनींना त्यांनी मुद्दाम बसने पाठवलं. मला वाईट वाटलं, पण वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना. एकदा एकटं जाऊ द्या." पुढच्या आठवड्यात वहिनींनी स्वतः श्रीरामपूरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

रबरी पडदा अधूनमधून तपासावा लागतो, तडा गेला तर ओढ निसटते. म्हणून पुढच्या हंगामात मी श्रीरामपूरकडे गेलो होतो तेव्हा त्यांच्या वाटिकेत डोकावलो. फोन न करताच गेलो. नामदेवराव जाळीखाली स्टुलावर बसून ट्रेमध्ये बी टाकत होते. ताठ बोटांनी ट्रे धरायचा आणि अंगठ्याने बी दाबायचं. गाडी दिसेना.

"गाडी कुठंय?"

"राजूरला. टमाट्याची रोपं घिऊन गेलीय."

"कोण?"

"मालकीन," ते म्हणाले. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच एकट्या एवढ्या लांब गेल्या होत्या. डोंगरातल्या गावांना चांगली रोपं मिळत नाहीत हे हेरून त्यांनीच ते गिऱ्हाईक शोधून काढलं होतं. ते बोलत होते ते नेहमीच्या आवाजात, पण फोन त्यांनी मांडीवर उलटा न ठेवता सरळ ठेवला होता.

तो वाजला तेव्हा त्यांनी स्पीकर लावला. वहिनींचा आवाज वाऱ्यात तुटत येत होता. "रोपं समदी गेली. पुढच्या बाजाराला दुप्पट मागितलीत. ऐका, इथून धरण जवळ हाय म्हनत्यात. मी कवा बघितलं न्हाई. जाऊन येऊ का?"

नामदेवरावांनी हातातला ट्रे खाली ठेवला. "जा की," म्हणाले. "सावकाश जा. उतारावर गिअरमधी ठेव."

"मला माहीत हाय," वहिनी म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

त्यांनी मातीचे हात झटकले. मला म्हणाले, "मिस्त्री, चा घेतल्याशिवाय जायचं न्हाई." कुबडी घेऊन ते स्वयंपाकघरात गेले, मी मागोमाग. गॅस पेटवला, पाणी ठेवलं, पत्ती सापडली. साखर काही सापडेना. फळीवर सारख्या दिसणाऱ्या डब्यांची रांग होती. एकात डाळ निघाली, एकात शेंगदाणे. त्यांनी वहिनींना फोन लावला. तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

"गाडी चालवत असंल," ते मला म्हणाले. "चालवताना ती फोन उचलत न्हाई."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि चहा तसाच कपात ओतला. आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून बिनसाखरेचा चहा प्यालो.